पोत्यातलं सामान आणि कुकरची रिंग

कल्याण स्टेशनवर एका हमालदादांनी माझ्या पोत्याला हात लावून विचारलं, "ताई, पंप आहे का यात?" मी म्हटलं, "जवळपास." फरक एवढाच की पंप पाणी ओढतो आणि हे हवा. पोत्यात जुन्या साडीत गुंडाळलेला इलेक्ट्रोलक्सचा नळकांड्यासारखा व्हॅक्यूम क्लीनर होता. खाली बर्फावरच्या गाडीला असतात तशा दोन घसरपट्ट्या, पुढच्या तोंडाला नळी, मागच्या टोकाला हवा बाहेर फेकायची जाळी. ही घडण इलेक्ट्रोलक्सने १९२१ साली 'मॉडेल व्ही'मध्ये बाजारात आणली आणि पुढे कितीतरी दशकं टिकली. माझं यंत्र त्याच घराण्यातलं, पण बरंच नंतरचं. मुंबईत एका भंगारवाल्याकडे पत्र्यांच्या ढिगात सापडलं, तेव्हा त्याच्या नळीत पालीची अंडी होती.

हा छंद मला आईमुळे लागला. आईला दमा होता. १९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि व्हॅक्यूम क्लीनर विकणारे, टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरू लागले. त्यातले एक आमच्या चाळीत आले. त्यांनी नळीच्या तोंडावर पांढरं फडकं धरलं, गादीवरून दोनदा फिरवलं आणि ते फडकं आईच्या हातात दिलं. त्यावरचा करडा गोल पाहून आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या महिन्यात हप्त्यावर त्यांचा युरोक्लीन व्हॅक्यूम क्लीनर घरात आला. पुढची बारा-तेरा वर्षं आमचा रविवार त्याच्या आवाजाने सुरू व्हायचा. मी नोकरीसाठी बाहेरगावी असताना तो भंगारात गेला. आई गेल्यावर कळलं की त्या घरातला मला सगळ्यांत जास्त आठवणारा आवाज तोच आहे. तेव्हापासून मी बंद पडलेली यंत्रं घरी आणते.

माझ्या हातून होतं तेवढं मी करते, पण या यंत्राची मोटार माझ्या आवाक्यातली नव्हती. म्हणून नाशिक.

तपोवन एक्सप्रेस कसाऱ्याला थांबली, मागून ढकलायला जादा इंजिनं लागली आणि गाडी घाट चढू लागली. दर ३७ फुटांना १ फूट असा हा चढ आहे. श्रावणातलं ऊन-पाऊस चालू होतं, कडे ओले होते, बोगद्यांच्या तोंडाशी झरे कोसळत होते. मला मात्र इगतपुरीची ओढ होती. पूर्वी मुंबईकडून इगतपुरीपर्यंत रेल्वेच्या तारांमध्ये डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज असायची आणि पुढे एसी, म्हणजे सतत दिशा उलटणारी. त्यामुळे इथे इंजिन बदलावं लागे. लहानपणी ते इंजिन बदलताना पाहायला मी खिडकीला नाक लावून बसायचे. माझ्या पोत्यातल्या मोटारीला हा प्रश्नच नाही. तिच्या पाटीवर एसी आणि डीसी दोन्ही कोरलेलं आहे. तिला युनिव्हर्सल मोटार म्हणतात. आतल्या फिरत्या भागाचं, म्हणजे आर्मेचरचं, आणि बाहेरच्या स्थिर भागाचं, म्हणजे फील्डचं, वाइंडिंग (तांब्याच्या तारेची वेटोळी) एकाच ओळीत जोडलेलं असतं, त्यामुळे विजेची दिशा उलटली की दोघांची चुंबकं एकदमच उलटतात आणि फिरण्याची दिशा तीच राहते. ज्या काळात एका शहरात एसी तर दुसऱ्यात डीसी वीज होती, त्या काळात हे यंत्र कुठल्याही घरात चालावं याची सोय करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

नाशिकरोडला उतरून रिक्षाने सातपूर. तिथे एका गल्लीत वाइंडिंगवाल्या काकांची शेड आहे. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यांच्या मोटारी भरल्या, म्हणजे त्यांच्यात नवी तार गुंडाळली. आता धंदा मुलाकडे आहे आणि शेडचा मागचा अर्धा भाग काकांच्या जुन्या यंत्रांचा. भिंतीवर वार्निशच्या वासात मुरलेली फळी, तिच्यावर सोळा व्हॅक्यूम क्लीनर ओळीने. याच छंदातले आणखी दोघं आधीच आले होते. एक कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले सर आणि एक दातांची डॉक्टर, जिला काका प्रेमाने डॉक्टरीणबाई म्हणतात. तिचा दवाखाना मंगळवारी बंद असतो, म्हणून आमची भेट मंगळवारी.

"आधी चहा, मग पेशंट," काका म्हणाले. पण चहाचा कप हातात असतानाच त्यांनी पोतं सोडलं.

काका कुठलंही जुनं यंत्र सरळ प्लगला लावत नाहीत. आधी सिरीज बोर्ड. शंभर वॅटचा बल्ब मध्ये ठेवून वीज द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि यंत्र वाचतं. माझ्या यंत्राला बल्ब मंद पेटला, आर्मेचर जरासं थरथरलं आणि थांबलं. म्हणजे वाइंडिंग सलग आहे. मग मेगर. तांबं आणि लोखंडी अंग यांच्यामधलं इन्सुलेशन किती धरून आहे हे तो ५०० व्होल्ट देऊन सांगतो. काटा आला ०.४ मेगओहमवर. काकांना निदान १ तरी हवा असतो.

"जळालं आहे का?" मी विचारलं.

"नाही ओ ताई, भिजलंय. पावसाळा आहे, तुमचं कल्याण आहे. याला रात्रभर शेक द्यायचा."

शेक म्हणजे पत्र्याची पेटी, आत साठ वॅटचे दोन बल्ब, वर गोणपाट. मोटार त्यात ठेवण्याआधी डॉक्टरीणबाईने कम्युटेटरची सफाई तेवढी मागून घेतली. कम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्या, ज्यांच्यावर वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे घासत राहतात. दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाची चीर असते. वर्षानुवर्षांची कार्बनची भुकटी त्या चिरांमध्ये बसते, वीज एका पट्टीवरून दुसरीवर उडते आणि ठिणग्या पडतात. डॉक्टरीणबाईने खिशातून दातांचं कीटण काढायचं हत्यार काढलं आणि एकेक चीर अशी साफ केली की पाहत राहावं. मी मदत म्हणून एमरी पेपर पुढे केला तर काकांनी माझा हातच धरला. एमरीचे कण वीज वाहून नेतात, ते चिरेत अडकले की केलेलं सगळं वाया. इथे काचेचा बारीक पॉलिश पेपरच चालतो. ही चूक मी घरी दोन यंत्रांवर केलेली आहे, हे तिथल्या तिथे सांगून टाकलं. घरी गेल्यावर ती दोन्ही पुन्हा उघडणार.

संध्याकाळी सरांच्या गाडीतून देवळाली कॅम्पला गेलो. तोफखान्याच्या शाळेचं हे गाव. उंच झाडांखाली जुने कौलारू बंगले, पुढे रुंद ओसऱ्या. त्यातला एक बंगला रिकामा होत होता आणि देखभाल करणाऱ्या दादांनी सरांना बोलावलं होतं. जिन्याखालच्या कोठीत, केरसुण्यांच्या मागे, हूवर कंपनीचा एक उभा व्हॅक्यूम क्लीनर होता. दांडा, कापडी पिशवी आणि खाली ॲल्युमिनियमचं डोकं. सरांनी तो उलटा केला. खालच्या रोलरवर ब्रशच्या रांगा होत्याच, शिवाय धातूच्या पट्ट्याही होत्या. त्या गालिच्याला थोपटतात, खोलची रेती उडवून वर आणतात आणि मग हवा ती ओढून घेते. हूवरने हे १९२६ साली आणलं.

ओसरीवर बसून सर स्पँगलरबद्दल बोलत राहिले. ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात झाडलोट करायचे. त्यांना दमा होता आणि गालिचे झाडताना उडणारी धूळ सोसवत नव्हती. त्यांनी पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरतं यंत्र केलं. १९०८ साली त्यांना पेटंट मिळालं आणि ते हक्क विल्यम हूवर यांनी घेतले. मला हे आधी ठाऊक होतं. तरी त्या ओसरीवर, पायाशी ते यंत्र असताना, दम्याचा उल्लेख आला आणि मला आईचं फडकं डोळ्यांपुढे आलं. या यंत्रामागे ज्याला श्वास पुरत नव्हता असा एक माणूस आहे, हे मला कधीच विसरता येत नाही.

दादांनी पैसे घेतले नाहीत. "चालू झालं की आवाज ऐकवा," एवढंच म्हणाले.

बुधवारी सकाळी मेगरचा काटा १२ मेगओहमच्या पुढे गेला. काकांनी पेटीवरचं गोणपाट घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "चला आता गंगेवर." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. आदल्या आठवड्यात धरणातून पाणी सोडलं होतं. पूर किती हे नाशिकमध्ये नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून ठरतं, आकडे नंतर. त्या दिवशी पाणी मारुतीच्या पायाशी होतं, त्यामुळे बाजार भरला होता. पालेभाज्या, कडधान्यं, विळे, सुऱ्या, दोरखंड. आम्हाला हवी होती कुकर दुरुस्त करणाऱ्याची पथारी.

कारण असं की नळकांड्याच्या झाकणाखालचं रबर कडक होऊन त्याचे तुकडे पडले होते. तिथून हवा आत शिरली की नळीच्या तोंडाशी ओढ उरत नाही. मोटार कितीही चांगली भरा, झाकण गळत असेल तर सगळं फुकट. मी झाकणाचं माप सुतळीवर घेऊन आले होते. पथारीवाल्या मामांनी रिंगांचा जुडगा पुढे टाकला. तिसरी रिंग सुतळीशी जुळली. "किती लिटरचा कुकर?" त्यांनी विचारलं. काकांनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं आणि मामांनी रिंग परत घेऊन दुसरी, जरा जाड, दिली. "हवा धरायचीय ना, मग ही घ्या." अशी माणसं बाजारात असतात म्हणून हा छंद आपल्याकडे चालतो. परतताना तर्रीवर पापड ठेवलेली मिसळ खाल्ली आणि शेडवर आलो.

दुपारी कार्बन बसवले. मूळचे झिजून नखाएवढे उरले होते. काकांनी मिक्सरचे कार्बन घेतले (आपल्या घरातला मिक्सरही याच जातीची मोटार) आणि कानस लावून मापात आणले. फार कडक जातीचा कार्बन घेऊ नये, तो कम्युटेटर खातो, हेही बजावलं.

मग वायरवरून वाद झाला, आणि तो चांगला तासभर चालला. यंत्राची जुनी वायर सुती वेणीची, दोन तारांची. आतलं रबर वाळून भुगा झालेलं. सरांचं म्हणणं, वेणी ठेवा, आत नवी दोन तारांची वायर ओवा, दिसायला यंत्र जसंच्या तसं राहील. काकांचं म्हणणं, अंग लोखंडाचं आहे, हात ओले असतात, तीन तारांची वायर आणि अर्थिंग झालंच पाहिजे. मला सरांचं दुःख कळतं. त्या वेणीचा विटका तपकिरी रंग आता कुठे मिळत नाही. पण माझं यंत्र मी कपाटात ठेवणार नाही, दर रविवारी चालवणार आहे आणि माझी भाची त्याला हात लावणार आहे. मी काकांच्या बाजूने उभी राहिले. जुनी वायर गुंडाळून, तारीख लिहून पिशवीत ठेवली. सरांनीच ती गाठ मारली.

व्होल्ट हवे तसे कमीजास्त करणाऱ्या डिमरस्टॅटवर ६० व्होल्टपासून सुरुवात केली. आधी घरघर, मग गुणगुण. नव्या कार्बनला कम्युटेटरच्या गोलाईचा आकार येईपर्यंत अर्धा तास तसंच चालू ठेवलं. ठिणग्या आधी पिवळ्या आणि लांब होत्या, हळूहळू निळ्या टिकल्यांएवढ्या उरल्या. मग काकांनी खुंटी २३० वर नेली आणि शेड त्या आवाजाने भरून गेली. युरोक्लीनचा आवाज याहून तीक्ष्ण होता. हा जाड, खालच्या पट्टीतला. तरी मला रविवारच ऐकू आला.

काकांनी नळीच्या तोंडावर तळहात दाबला. आवाज चढला. अनेकांना वाटतं की मोटारीवर ताण पडला म्हणून ती ओरडते. होतं उलट. तोंड बंद झालं की पंख्याला ओढायला हवाच उरत नाही, मोटारीचा भार कमी होतो आणि ती जास्त वेगाने फिरते. मोटार नळकांड्यातून बाहेर काढून पंख्याशिवाय पूर्ण विजेवर कधी चालवू नये, तेही यासाठीच.

ओढ मोजायला सरांनी गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी उंच फळीवर वाकवून ठोकली आहे, आत कुंकू घातलेलं पाणी. जुन्या रबरासह दोन बाजूंच्या पाण्यात ६४ सेंटिमीटरचा फरक पडला होता. कुकरची रिंग बसवल्यावर १०३. डॉक्टरीणबाई सुटीचा दिवस नसतानाही दुपारी दवाखाना मिटवून आली होती. तिने आकडा फळीवर खडूने लिहिला आणि मला मिठी मारली.

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं की फुंकण्यापेक्षा ओढावं. एका उपाहारगृहात खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवून त्यांनी तोंडाने हवा ओढून पाहिली, आणि रुमालावर धूळ जमली. माझ्याकडे आईचा एक पांढरा रुमाल होता. मी तो नळीच्या तोंडावर ताणून धरला आणि काकांच्या बसायच्या सतरंजीवरून दोनदा फिरवला. मध्ये पैशाएवढा काळसर गोल उमटला, कडा अगदी रेखीव. तो रुमाल मी धुतलेला नाही.

देवळालीच्या हूवरला मात्र वेळ लागणार आहे. आर्मेचरचं एक वेटोळं तुटलेलं निघालं. काकांनी ते हलक्या हाताने उलगडायला घेतलं, प्रत्येक वेढा मोजत, आणि मी निघाले तेव्हा वहीत चौथ्या खाचेपर्यंतचे आकडे लिहून झाले होते. तार तेवढ्याच जाडीची मिळायला हवी. "गौरी-गणपती झाले की फोन करतो," ते म्हणाले, "तेव्हा देवळालीच्या दादांनाही घेऊन जाऊ."

नाशिकरोडवर गाडी वेळेवर आली. पोतं या वेळी मी वर ठेवलं नाही, पायाशी घेऊन बसले.