धुळे ते नाशिक: कॉलेजं बघायला गेलो, खोल्याच जास्त बघितल्या

पुतणीची सीईटी झाली, पर्सेंटाइल बरं आलं, आणि कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी नाशिक एकदा डोळ्यांनी बघून यावं असं घरात ठरलं. वहिनींचं म्हणणं एकच होतं: "भाऊजी, कॉलेज कुठलंही असू द्या, पोरगी राहणार कुठे ते बघून या."

धुळ्याकडून येणाऱ्यांची एक सोय आहे. मालेगाव, चांदवड करत एसटी नाशकात शिरते ती आडगावच्या बाजूने. भुजबळ नॉलेज सिटी, मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक संस्थेचं) मेडिकल कॉलेज आणि अमृतधामचं के. के. वाघ इंजिनीअरिंग, सगळं नाशकातल्या द्वारका चौकाच्या अलीकडेच लागतं. थेट सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, जाऊन पुन्हा उलटं येऊ नका. कंडक्टरला सांगून इकडेच उतरा आणि ही बाजू आधी उरका.

"कुठलं विद्यापीठ?" हा घरातल्या मोठ्यांचा आवडता प्रश्न नाशकात लवकर सुटतो. इथली बहुतेक इंजिनीअरिंग, आर्ट्स, सायन्स, कॉमर्स कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. के. के. वाघ स्वायत्त असलं तरी पदवी पुण्याचीच. त्र्यंबक रोडला सातपूर ओलांडून महिरावणीला संदीप विद्यापीठ आहे. ते खासगी, पदवी त्यांची स्वतःची. मुलींच्या पालकांनी इथे नीट लक्ष द्यावं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी स्वयंअर्थसहाय्यित आणि अभिमत विद्यापीठांना मात्र ही माफी लागू नाही. मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. आमचा निम्मा निर्णय इथेच झाला.

गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे आणि म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ. मुक्त विद्यापीठाचा अभ्यास गावाजवळच्या केंद्रातूनही होतो. आरोग्य विद्यापीठाची कॉलेजं राज्यभर पसरलेली. तेव्हा विद्यापीठ नाशकात आहे म्हणून नाशकात खोली, हा हिशोब या दोघांना लागू पडत नाही.

आता राहण्याचं. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड मुलांना बघताक्षणी आवडतात. एचपीटी, बीवायके, केटीएचएम तिकडेच, क्लासेस, मेस, झेरॉक्सची दुकानं सगळं हाताशी. भाडंही तसंच चढं. पण कॉलेज अमृतधामला आणि खोली कॉलेज रोडला असं केलंत तर रोज गोदावरी ओलांडून आरपार जायचं. द्वारका सर्कल सकाळी नऊ-दहाला एकदा बघा, मग ठरवा. त्यासाठीच रविवारी येऊ नका. कामाच्या दिवशी, कॉलेजच्या वेळेला, ज्या सिटीलिंकने (शहर बसने) पोरांना जायचंय तिनेच जाऊन बघा. के. के. वाघ किंवा आडगाव असेल तर हिरावाडी, अमृतधाम. संदीप असेल तर सातपूरची बाजू. रेल्वेने येणारे स्टेशन जवळ पडतं म्हणून नाशिकरोडला खोली घेतात. गावी महिन्यातून एकदा जायचं आणि कॉलेजला रोज, एवढं त्यांनी लक्षात घ्यावं.

हिरावाडीत एका मावशींकडे कॉट बेसिसवर (खोली नाही, एका कॉटचं भाडं) जागा होती. "साडेनवाला गेट बंद," त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. पुतणीने विचारलं, "मावशी, प्रॅक्टिकल लांबलं तर?" "फोन कर, मी जागीच असते." आदल्या घरी हाच प्रश्न विचारल्यावर मालकांनी आमच्याकडे बघून उत्तर दिलं होतं, तिच्याकडे नाही. ते घर तिथेच कटाप झालं.

लाइट बिल वेगळं का, डिपॉझिटमधून काय कापणार, भाडेकरार करणार का, हे विचाराच. गरम पाण्याचंही विचारा. नाशिकची थंडी आपल्या खान्देशी माणसाला साधी वाटते, पण डिसेंबरात सकाळी सातच्या लेक्चरला जाणाऱ्याला विचारून बघा. मेसचे पैसे भरण्याआधी एक वेळ पैसे देऊन तिथे जेवा, तेही रात्री. पंचवटीच्या बाजूला राहणार असाल तर २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असणार हे धरून चाला आणि करार लेखीच करा.

आरक्षित प्रवर्गातल्या मुलांसाठी एक: सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि जमातींसाठी स्वयं या योजनांमधून राहण्या-जेवणाचा भत्ता मिळतो. कागद आधीच जमवा. ऐनवेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला रांग असते.

पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते आपोआप फ्रीज होतं, म्हणजे तेच पक्कं होतं, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. त्यामुळे ज्या कॉलेजजवळ खोली बघून झाली नसेल ते कॉलेज एक नंबरला टाकू नका. पुतणीने के. के. वाघचं कॉम्प्युटर पहिलं टाकलं, मग तिथलंच आयटी, मग मविप्रचं गंगापूर रोडचं इंजिनीअरिंग. हिरावाडीच्या मावशींनी टोकन (आगाऊ रक्कम) घेतलं नाही. यादी लागली की कळवा म्हणाल्या.