तुकोबांना देव भेटला होता का?

आषाढी जवळ आली की मला, एका मराठी ख्रिस्ती माणसाला, हा प्रश्न हमखास विचारला जातो. वारीला जाणारे मित्र विचारतात तेव्हा त्यांना माझे मन किती मोठे आहे ते पाहायचे असते. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, तरुण विचारतात तेव्हा त्यांना माझी निष्ठा तपासायची असते. दोघांना एकच उत्तर द्यावे असे मला वाटते, आणि तुम्ही विचारलेत म्हणून ते नीट मांडतो.

ख्रिस्ती श्रद्धा मुळात अनुभवावर उभी नाही. येशूचे जीवन, त्याचे क्रूसावरचे मरण आणि पुनरुत्थान या घडलेल्या गोष्टी आहेत असे आम्ही मानतो, आणि विश्वास त्यांच्यावर ठेवतो. त्यामुळे माझ्या प्रार्थनेतला आनंद आटला म्हणून ख्रिस्त खोटा ठरत नाही. तसाच देहूच्या एका वाण्याला भजनात खरा आनंद लाभला असेल, तर त्यानेही ख्रिस्त खोटा ठरत नाही. दुसऱ्याचा अनुभव नाकारल्यावाचून आपला धर्म टिकणार नाही असे ज्याला वाटते, त्याने आपला विश्वास नेमका कशावर आहे हे एकदा पाहावे.

बायबलमध्ये याला आधार आहे का? नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात कैसरीयातल्या कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची हकिकत आहे. येशूचा शिष्य पेत्र त्याच्या घरी पोहोचण्याआधीच देवदूत कर्नेल्याला सांगतो की, त्याच्या प्रार्थना आणि त्याचे दानधर्म देवापुढे पोहोचले आहेत. कर्नेल्य यहुद्यांच्याच देवाला भजत होता, तेव्हा हे उदाहरण तुकोबांना लागू नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. पण त्याच पुस्तकात ख्रिस्ताचा आद्य प्रचारक पौल लुस्त्र गावी चक्क झ्यूस या ग्रीक देवाच्या भक्तांना सांगतो की, पाऊस आणि पीकपाणी देणाऱ्या देवाने स्वतःला त्यांच्यातही साक्षीविरहित राहू दिले नाही. पुढे अथेन्समध्ये मूर्ती पाहून त्याचा जीव जळतो, आणि तरीही आपण देवाचे वंशज आहोत हे पटवताना तो आधार घेतो ग्रीक कवींच्याच वचनाचा. मूर्तिपूजेबद्दलची अस्वस्थता आणि परक्या कवीबद्दलचा आदर एकाच माणसाच्या ठायी, एकाच अध्यायात आहेत. मी विठ्ठलाच्या मूर्तीपुढे हात जोडत नाही, आणि तुकोबांचे अभंग वाचतो, ते याच धड्यावरून.

आता दुसरी बाजू. सैतानही प्रकाशदूताचे रूप घेतो, हे वचन मंडळीत लगेच पुढे केले जाते. वचन खरे आहे, पण पौलाने ते ख्रिस्ताचे प्रेषित म्हणवणाऱ्यांबद्दल लिहिले होते. ते फक्त शेजाऱ्याच्या देवघराकडे रोखणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. आत्म्यांची परीक्षा करा असे येशूचा शिष्य योहान सांगतो, आणि झाड फळावरून ओळखावे असे खुद्द येशू सांगतो. परंपरा सांगते की तुकोबांनी सावकारीच्या खतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. हे ऐकताना मला जक्कय आठवतो: त्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, आणि येशू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. कर्जदारांना मोकळे करणारी प्रेरणा सैतानाची होती असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यात सोडवला. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत असे. त्यांनी अभंग आणि कीर्तन आमच्या उपासनेत आणले, आणि आजही आम्ही त्यांची पदे गातो. पूल त्यांनी मोडला नाही, पण ते पुलावर थांबलेही नाहीत. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण माझे वारकरी मित्र पहिलीच ऐकतात आणि मंडळीतले तरुण दुसरीच.

विसाव्या शतकातले कॅथलिक धर्मपंडित कार्ल राहनर अशा भक्तांना ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हणत. हेतू उदार असला तरी मला ते रुचत नाही. ‘तुम्ही नकळत वारकरीच आहात’ असे कोणी मला म्हटले तर मी हसून सोडून देईन, पण मनातून खट्टू होईन. तुकोबा विठ्ठलाचे होते. त्यांचे नाव आपल्या नोंदवहीत परस्पर घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तर माझे उत्तर असे: तुकोबांनी ज्याला तळमळून हाक मारली, त्या देवाने ती ऐकली असे मी मानतो. त्या देवाचे मुख ख्रिस्तात दिसते असेही मी मानतो, आणि हे माझ्या वारकरी मित्रांना मान्य नाही, हे मला ठाऊक आहे.