बाई म्हणाल्या, दोरी मोजा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. स्नेहसंमेलनं, सहली यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मला साध्या यंत्रांच्या धड्याबद्दल लिहायचं आहे, कारण यंत्रांचे आराखडे करण्याचं माझं आजचं काम त्या धड्यावर उभं आहे.

भार भागिले बल म्हणजे यांत्रिक फायदा, ही व्याख्या आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. भार चार दोऱ्यांवर पेलला असेल तर फायदा चौपट, एवढं लिहिलं की गुणही मिळत. आमच्या विज्ञानाच्या बाईंचं मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी प्रयोगशाळेत दोन-दोन चाकांच्या दोन कप्प्या बांधल्या, एक वर पक्की आणि एक खाली भाराबरोबर हलणारी. खालच्या कप्पीला दोन किलोचं वजन लावलं, म्हणजे सुमारे २० न्यूटन भार. दोरीच्या मोकळ्या टोकाला ताणकाटा, म्हणजे ओढण्याचं बल दाखवणारा स्प्रिंगचा काटा. गणिताने ५ न्यूटन बल पुरायला हवं होतं, पण संथपणे ओढताना काटा ७ च्या आसपास राहिला. वर्गात कुजबुज सुरू झाली. बाई शांतपणे म्हणाल्या, "वजनाकडे काय बघताय? दोरी मोजा."

वजन १० सेंटिमीटर वर आलं तोवर ४० सेंटिमीटर दोरी हातात जमा झाली होती. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. बाईंनी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या. भार उचलण्याचं कार्य: २० गुणिले ०.१, म्हणजे २ ज्यूल. आपण केलेलं कार्य: ७ गुणिले ०.४, म्हणजे २.८ ज्यूल.

त्या दोन ओळींनी मला जे दिलं ते अख्ख्या धड्याने दिलं नव्हतं. कार्य तर जराही वाचलं नव्हतं, उलट ०.८ ज्यूल जास्तच गेले होते. काही घर्षणात, काही खालची कप्पी स्वतःच उचलण्यात. आणि तरीही वर्गातल्या सगळ्यात किरकोळ मुलीने ते वजन एका बोटाने वर नेलं! बल कमी लागतं ते अंतर जास्त कापावं लागतं म्हणून, हे त्या दिवशी डोळ्यांसमोर घडलं.

मग कुणीतरी विचारलं, यांत्रिक फायदा एकापेक्षा कमी असेल तर ते यंत्र काय कामाचं? फार चांगला प्रश्न होता. बाईंनी कोपर टेबलावर टेकवलं आणि तळहातावर डस्टर ठेवलं. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला, आणि तळहात साधारण बत्तीस सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूला भाराच्या आठपट जोर लावावा लागतो. पण तो एक सेंटिमीटर आखडला की हात आठ सेंटिमीटर उचलला जातो. इथे बल खर्चून अंतर आणि वेग मिळवलेला असतो. चिमट्याचंही तेच.

पुढे नोकरीत स्क्रू जॅकशी, म्हणजे दांडा फिरवून आट्यांच्या स्क्रूने जड भार उचलणाऱ्या साधनाशी, गाठ पडली. दांडा ४० सेंटिमीटरचा आणि लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर ६ मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात हात अडीच मीटर फिरतो आणि भार ६ मिलिमीटर चढतो. कागदावर चारशेपटीहून जास्त फायदा! प्रत्यक्षात त्यातला निम्म्याहून अधिक घर्षण खातं. पण ते घर्षण आहे म्हणूनच दांडा सोडल्यावर भार आपोआप खाली येत नाही. कप्पीत ज्या घर्षणाला आम्ही नावं ठेवली, तेच इथे माणसाचा जीव राखतं. बाईंना हे सांगायला मला फार आवडलं असतं.

महोत्सवानिमित्त प्रयोगशाळेचं नूतनीकरण होणार असल्याचं कळलं. माझी एकच विनंती आहे. मुलांच्या प्रत्येक गटाला स्वतंत्र कप्पीसंच आणि ताणकाटा मिळावा, आणि सोबत मोजपट्टी जरूर द्यावी. त्याचा खर्च मी आनंदाने उचलीन.