आत्याचा तपकिरी डोळा

रविवार, रात्री

आत्याच्या डोळ्याचं रंगीत पेन्सिलींनी चित्र काढतेय, त्यातलं बुबुळ आज पुरं झालं. काळी पेन्सिल फक्त बाहुलीला, म्हणजे बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याला लावली, तीही गडद निळ्या इंडिगो आणि काळपट तपकिरी सेपियाच्या थरांवर हलकीशी.

डोळा शिकवणारे बहुतेक व्हिडिओ निळा किंवा हिरवा डोळा घेतात, कारण त्यात बाहुलीपासून कडेकडे जाणारे धागे स्पष्ट दिसतात. गंमत म्हणजे निळ्या बुबुळात निळं रंगद्रव्य मुळी नसतंच. मेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य कमी असलं की प्रकाश विखुरतो आणि निळं दिसतं. आपल्या डोळ्यांत मेलॅनिन भरपूर, त्यात ते धागे बुडून जातात. म्हणून रेघा न मारता थर चढवले: खाली पिवळट यलो ऑकर, त्यावर तांबूस बर्न्ट सिएना, मग गडद तपकिरी बर्न्ट अंबर आणि अगदी कडेला सेपिया.

बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी माडीवर उत्तरेची खिडकी आहे, तिथे आत्याला बसवलं. एरवी तिचे डोळे काळेच वाटतात. उजेड डावीकडून वरून येत होता, तेव्हा चमकेचा ठिपका बुबुळाच्या वर डावीकडे पडला आणि त्याच्या बरोबर समोर, खाली उजवीकडे, तपकिरी रंग मधासारखा उजळला. कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, आत शिरताना प्रकाश वाकतो आणि पलीकडच्या भागावर गोळा होतो. चमक कुठे ठेवायची हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, समोरचा हा उजाळा मात्र राहून जातो. माझ्या मते गडद डोळ्याचा सगळा जीव तिथेच आहे.

आत्याच्या बुबुळाभोवती फिकट राखाडी कडं आहे. उतारवयात कॉर्नियाच्या कडेला चरबी साठून ते येतं, पुष्कळांना येतं.

"ते नको गं काढूस, म्हातारी दिसेन."

"आत्या, ते गाळलं तर हा डोळा कुणाचाही होईल."

ती काही बोलली नाही, पण हललीही नाही. कडं काढलं. त्यामुळे बुबुळाची कड आपोआप मऊ झाली, कंपासने ओढल्यासारखी राहिली नाही.

डोळ्याचा पांढरा भाग कोरा ठेवायचा नाही, हे मी फतेहसिंह म्युझियममध्ये शिकले. सयाजीरावांसाठी रविवर्म्याने केलेली तैलचित्रं तिथे आहेत. त्यातल्या चेहऱ्यांचे डोळे जवळून पाहावेत: वरच्या पापणीची सावली पांढऱ्यावर उतरलेली असते, म्हणून डोळा गोल वाटतो. मी फिकट राखाडी दिला, नाकाकडच्या कोपऱ्यात किंचित गुलाबी. खालच्या पापणीला जाडी असते, तिची ओलसर कड उजळ सोडली. केस त्या कडेच्या बाहेरच्या बाजूने निघतात, थेट पांढऱ्याला चिकटून नाहीत.

मापही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बुबुळ साधारण १२ मिमी रुंद असतं आणि वरची पापणी त्याचा १-२ मिमी भाग झाकते. पूर्ण गोल दाखवला तर माणूस दचकलेला दिसतो. बाहुली उजेडाप्रमाणे २ ते ८ मिमी होते. खिडकीच्या उजेडात आत्याची लहानच होती, तशीच ठेवली.

पापण्यांचे केस अजून राहिलेत. ते मुळाशी जाड, टोकाला निमुळते हवेत, आणि आत्याचे तर आता विरळ झालेत, दोन-तीन एकत्र चिकटलेले. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय. उद्या सकाळी तिच्या पूजेनंतर तासभर उजेड चांगला असतो.