शून्य का नाही?

"आईला वचन दिलंय, म्हणून थांबायचंय," ती बसल्या बसल्या म्हणाली. माझ्याकडे बोलायला आलेली कॉलेजातली मुलगी. स्वतःला इजा करून घेणं बरेच महिने चाललेलं. वचन मोडलं की अपराधी वाटायचं, आणि त्या अपराधीपणातूनच पुढची ऊर्मी उठायची. दुसऱ्यासाठी थांबणाऱ्यांचं नेमकं इथेच अडतं.

पहिला प्रश्न सरळच असावा लागतो: "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, मनातलं बोलायला वाट मिळते. ती 'नाही' म्हणाली. 'हो' आलं असतं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून, तिला एकटं न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं असतं.

मग मोजपट्टी. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांच्या 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' पद्धतीतली, म्हणजे बदलाची कारणं माणसाच्या स्वतःच्याच तोंडून येऊ देणारी. "0 ते 10 मध्ये, थांबणं तुला स्वतःला किती महत्त्वाचं वाटतं?"

"3."

इथे "10 का नाही?" असं विचारलं की माणूस न थांबण्याची कारणं सांगू लागतो, आणि स्वतःच्या तोंडून ऐकलेलं कारण घट्ट होत जातं. म्हणून विचारलं, "शून्य का नाही?" ती बराच वेळ गप्प. अशी शांतता आपण बोलून भरायची नसते. शेवटी म्हणाली, "मला परत पोहायला जायचंय, ताई. सतत बाह्या ओढून बसायचा कंटाळा आलाय." तिच्या बोलण्यातलं हे पहिलं कारण, जे पूर्णपणे तिचं होतं.

इजेने तिला काय मिळतं, तेही कागदावर घेतलं: "डोकं थोडा वेळ शांत होतं." हा भाग टाळला तर प्रेरणा कोरडी राहते. ती शांतता दुसरीकडून मिळाल्याशिवाय हे सोडणं अवघड जातं.

ऊर्मी लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा काही मिनिटांत ओसरू लागते. त्या वेळी लांबलचक मजकूर वाचवत नाही. म्हणून तिने स्वतःच्या अक्षरात एकच ओळ लिहिली, 'मला पोहायचंय', आणि त्या ओळीचा फोटो मोबाइलच्या लॉकस्क्रीनवर लावला. मग क्रम ठरवला: 15 मिनिटं लांबवायचं, खोली सोडायची, चेहऱ्यावर गार पाणी घ्यायचं (हृदयविकार किंवा खाण्याचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं), जिने भराभर चढायचे, तरीही ओसरली नाही तर ठरलेल्या दोघांपैकी एकाला फोन. इजेची साधनं हाताशी नकोत. माझ्या मते सगळ्या योजनेत याचा उपयोग सर्वांत मोठा, कारण साधन शोधण्यात जाणारा वेळही लाट ओसरायला पुरू शकतो.

'किती दिवस झाले' हे मोजणं टाळलं. एक दिवस घसरला की आकडा शून्यावर येतो आणि 'आता गेलंच सगळं' असं वाटतं. घसरलंच, तर आधी जखमेची काळजी, गरज पडल्यास डॉक्टर. नंतर त्याआधीच्या तासात काय घडलं, ते लिहून काढायचं.

दुसरी मोजपट्टी खात्रीची: "हे जमेल असं किती वाटतं?" 2 आली. खात्री कमी म्हणजे पायरी उंच. 'रोज'ऐवजी फक्त रात्री झोपण्याआधीचा तास धरला, तेव्हा ती 6 म्हणाली. त्या तासात आईने हात तपासायचे नाहीत, वचनाची आठवण करून द्यायची नाही. साधनं कुलपात ठेवायची आणि लेकीने हाक मारली तर शेजारी येऊन बसायचं, हे तिने आईला माझ्यासमोर स्वतः सांगितलं.