वाईच्या घाटापासून कोथरूडच्या भिंतीपर्यंत

स्वारगेटहून पहाटेची वाई गाडी धरली की ऊन तिरपं असतानाच नदीच्या घाटावर पोचता येतं. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. खंबाटकी उतरल्यावर सुरूर फाट्याला गाडी उजवीकडे वळते. जलरंगात काम करणाऱ्याला या दौऱ्यात सकाळचे पहिले दोन तास मिळाले तर सगळं मिळालं, कारण ऊन डोक्यावर आलं की घाटाच्या पायऱ्या सपाट दिसायला लागतात.

कागदाचा आकार मात्र पुण्यातच ठरवून निघावं लागतं. पाव ताव, म्हणजे ११ × १५ इंच, पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. अर्ध्या तावाचा, १५ × २२ चा बोर्ड एसटीत सीट आणि खिडकी यांच्यामध्ये उभा ठेवावा लागतो. पुण्यातल्या घरांमध्ये मला अर्ध्या तावाला सगळ्यांत जास्त जागा सापडते, म्हणून तेवढी गैरसोय सोसतो. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटनचा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद सुंदर असतो. पण कुठलाही हातकागद न्यायच्या आधी त्याच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघावा. थेंब लगेच जिरला तर खळ कमी आहे, त्यावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, पसरणार नाही, ठिपक्यांत अडकेल.

वाईत ढोल्या गणपतीचं देऊळ पुष्कळजण समोरून काढतात. गणपतराव रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. नदीच्या पुराचं पाणी दुभंगावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. चित्रकाराने तिथे आवर्जून जावं, कारण त्या वळणावर उजेड एकदम तुटत नाही, हळूहळू सावलीत उतरतो. पायऱ्यांच्या काळ्या दगडासाठी ट्यूबमधला काळा रंग नको. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएन्ना (तांबूस तपकिरी) मिसळायचे: कोरड्या पायरीला सिएन्ना थोडा जास्त, ओल्या पायरीला अल्ट्रामरीन. ओल्या पायरीची वरची बाजू आकाश दाखवते, म्हणून ती उभ्या बाजूपेक्षा उजळ ठेवायची. ही एवढी गोष्ट चुकली की घाट कोरडा आणि डांबरी दिसतो. सावल्यांच्या कडा पहिल्या वीस मिनिटांत पेन्सिलीने आखून टाकाव्या आणि नंतर सूर्य सरकला तरी त्या बदलू नयेत; अर्धं चित्र आठचं आणि अर्धं दहाचं झालं तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

फेब्रुवारीनंतर वॉश फार भराभर वाळतो आणि मध्येच कडा पडतात. कागद पाठीमागून ओला करून बोर्डावर चिकटवला तर थोडा वेळ मिळतो. पावसाळ्यात उलट त्रास: वॉश वाळतच नाही आणि दुसरा थर पहिल्याला उचलतो.

दुपारी मेणवली. वाईपासून तीन किलोमीटर, रिक्षा मिळते. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट बघायला निवांत वेळ ठेवा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली घंटा या घाटावर टांगलेली आहे. भर दुपारी कमानीच्या सावलीतली ती घंटा आणि बाहेरचा पांढरा उजेड यांच्यात एवढा फरक असतो, की दोन्ही नीट दाखवायचा हट्ट केला तर चित्र बिघडतं. मी उजेड कोरा सोडतो.

विकायच्या चित्रात टिकाऊ रंगच हवेत. ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला ॲलिझरिन क्रिम्सन, म्हणजे गडद लाल, उजेडाने उडतो. त्याजागी पीव्ही १९ क्रमांकाचा घ्यावा. चकाकणारे फ्लुरोसंट गुलाबी तर आणूच नयेत.

परतताना चित्र पूर्ण वाळल्याशिवाय कागद बोर्डाला धरणारी मास्किंग टेप काढू नये. काढताना टेप कागदालगत आडवी, सावकाश ओढायची. वर ओढली की कॉटन कागदाची साल निघते. चित्रावर बटर पेपर, दोन्ही बाजूंनी कोरुगेटेड पुठ्ठा, असं बांधून घ्यावं. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. घरी पोचल्यावर पाठीला पाण्याचा हलका फवारा मारून टीपकागदांत दोन दिवस प्लायखाली दाबलं की कागद सरळ होतो.

पुढचा प्रवास पेठेतल्या फ्रेमवाल्याकडे. त्याला तीन गोष्टी आधीच सांगाव्या लागतात. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, ॲसिडमुक्त हवा, नाहीतर काही वर्षांत चित्राभोवती तपकिरी पट्टी उमटते. चित्र सेलोटेपने चिकटवायचं नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने. आणि काच चित्राला टेकता कामा नये, कारण पुण्याच्या पावसाळ्यात काचेमागे दमटपणा साठतो आणि टेकलेल्या जागी बुरशीचे ठिपके येतात. अर्ध्या तावाला सगळीकडून तीन इंच माउंट आणि इंचभर पट्टी धरली तर फ्रेम साधारण २३ × ३० इंच होते. ती रिक्षात गुडघ्यांपुढे उभी नेता येते. अनेक फ्रेम असतील तर काचेला काच, पाठीला पाठ लावून उभ्याच न्याव्या.

बालगंधर्वच्या कलादालनात चित्र आवडलं म्हणणारे खूप भेटतात. घेणाऱ्याचा खरा प्रश्न बहुतेकदा एकच असतो, आमच्या भिंतीवर कसं दिसेल? त्यांना वर्तमानपत्र फ्रेमच्या मापाचं कापून दोन दिवस भिंतीला चिकटवून ठेवायला सांगावं. सहा फुटी सोफ्यावर एकटा अर्धा ताव हरवतो. तिथे जोडी लावावी, किंवा तेच चित्र दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर न्यावं. किंमत मी चौरस इंचावर धरतो (अर्ध्या तावाचे ३३० होतात), फ्रेम वेगळी. दर दालनात आणि घरी एकच ठेवावा, आधी घेतलेल्यांचा विश्वास त्यावरच टिकतो.

भिंत बघायला स्वतः जावं. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची बाहेरची भिंत पावसाचा मारा खाते. शंका असेल तर जुलैत तिथे फूटभर प्लास्टिक चारी कडांनी टेपने चिकटवावं. दोन दिवसांनी आतल्या बाजूला थेंब दिसले तर चित्र आतल्या भिंतीवर. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, तिथे तुळईला हूक मारून तारेने सोडावं. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीला साधा प्लग सैल होतो, त्या ब्लॉकसाठीचा वेगळा घ्यावा.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर; सोफ्यावर असेल तर फ्रेमची खालची कड पाठीपासून सहा ते आठ इंच वर. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते. पाठीवर जागा, माध्यम, कागद, वर्ष आणि सही लिहून द्यावी. गणपती झाल्यावर एकदा फ्रेम उतरवून मागची टेप सुटली आहे का, कसर लागली आहे का, हे बघायला घरच्यांना सांगून ठेवावं. टेप सुटली असेल तर नवी लावायला मी स्वतः जातो.