पोटरीमागची वेल

टाइट्सवर हाताने चित्र काढायचं म्हटलं की सगळे आधी रंगाचं विचारतात. कुठला घ्यायचा, धुतल्यावर जातो का, काळ्यावर उठून दिसतो का. प्रश्न रास्तच आहेत, पण कापडाच्या रंगांच्या बाटलीवर त्यांची उत्तरं छापलेली असतात. खरी मेख आहे ती ताणात.

टेबलावर पसरलेल्या टाइट्सवर विश्वास ठेवू नये. एखाद्या लहान मुलीच्या असाव्यात इतक्या चिंचोळ्या दिसतात आणि पायात चढल्या की भलत्याच रुंद होतात. बरं, सगळीकडे सारख्या रुंदावल्या तर हिशोब तरी करता आला असता! घोट्याशी कमी, पोटरीला जास्त, मांडीला त्याहून जास्त. त्यामुळे टेबलावर काढलेला गोल गरगरीत चंद्र पायात गेल्यावर आडवा भोपळा होतो. शिवाय कापड ताणलं तरी वर सुकलेला रंग तेवढा ताणत नाही. मग पाकळीला भेगा पडतात आणि भेगांतून काळं नायलॉन डोकावू लागतं. हा सगळा उपद्व्याप नायलॉनमध्ये मिसळलेल्या इलास्टेनचा. १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी हा ताणणारा धागा तयार केला. टाइट्स अंगासरशी बसू लागल्या, चित्र काढणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली.

म्हणून आधी ताणायचं, मग रंगवायचं. पायाच्या आकाराचा जाड पुठ्ठा कापावा, त्यावर प्लास्टिक गुंडाळावं आणि आत सारावा. पुठ्ठ्याची रुंदी पायाच्या घेराच्या निम्मी हवी, म्हणजे वीण हवी तेवढी उघडते आणि रंग झिरपून पलीकडच्या थराला चिकटत नाही. रंग पातळच लावायचा. ब्रश ओढण्यापेक्षा स्पंजच्या तुकड्याने टिपत गेलेलं चांगलं, कारण ब्रशचा केस विणीत अडकला की टाका सुटलाच म्हणून समजा.

कापड निवडताना डेनिअर बघावं. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. म्हणजे १५ डेनिअरचा नऊ किलोमीटर धागा अवघा १५ ग्रॅमचा! अशा जाळीवर रंग लावणं म्हणजे बहुतेक रंग भोकांतच घालवणं. ४० च्या पुढचं कापड घ्यावं, ६० असेल तर उत्तम. आणि इस्त्री जपून. कापडाचे रंग पक्के करायला इस्त्री फिरवा असं बाटलीवर लिहिलेलं असतं, पण ते बहुधा सुती कापड डोळ्यांपुढे ठेवून. नायलॉन आणि इलास्टेन दोघांनाही फार उष्णता सोसत नाही. मी तर इस्त्रीच्या वाटेला न जाता नुसत्या हवेने पक्का होणारा रंग घेते आणि सुकल्यावरही काही दिवस पाण्याला लागू देत नाही.

पुठ्ठ्याचा कंटाळा असलेले लोक टाइट्स सरळ पायात घालूनच रंगवतात. माप अचूक मिळतं, हे खरं. पण रंग सुकेपर्यंत पाय लांब करून बसावं लागतं आणि नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजते. आत, पायाला लागून प्लास्टिक नसेल तर रंग कातडीला धरतो आणि टाइट्स उतरवताना अर्धी वेल पायावरच राहते. त्यात नक्षी पोटरीच्या मागे हवी असेल तर आणखी मजा. स्वतःची पोटरी स्वतःला दिसत नाही. मग घरातल्या कुणाला तरी पकडायचं, हातात ब्रश द्यायचा आणि मान वळवून सूचना सोडायच्या: "जरा डावीकडे... अगं, माझ्या डावीकडे!"

याच अडचणीतून एक पिढीच्या पिढी गेलेली आहे. १५ मे १९४० ला अमेरिकेत नायलॉनचे स्टॉकिंग्ज देशभर विक्रीला आले आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. पुढे अमेरिका महायुद्धात उतरली, नायलॉन पॅराशूटकडे वळलं आणि स्टॉकिंग्ज दिसेनासे झाले. तेव्हा बायकांनी पायांनाच रंग लावला. त्या काळचे स्टॉकिंग्ज सपाट विणून मागे शिवलेले असत, म्हणून पोटरीमागे भुवयांच्या पेन्सिलीने शिवणीची रेघही ओढली. सरळ रेघ. स्वतःच्या पोटरीमागे. एकदा ओढून बघा, म्हणजे त्यांच्याबद्दलचा आदर दुणावेल.

नक्षीच्या बाबतीत माझी मतं जरा ठाम आहेत. चौकटी आणि पट्टे नकोत, कारण एक रेघ वाकडी झाली की सगळं भांडं फुटतं. चेहरे तर मुळीच नकोत, मांडीवर गेले की सगळ्यांना गालगुंड होतं. गुडघा कोरा सोडावा. तिथे काढलेलं फूल चालताना मिटतं-उघडतं ही कल्पना गोड आहे, पण पहिल्याच जिन्याला रंग सुरकुततो. सगळ्यात सोयीची जागा घोटा. ताण कमी, आणि बुटाच्या वर तेवढंच दिसतं. युरोपात काही शतकांपूर्वी स्टॉकिंग्जवर भरतकाम करत तेही घोट्याच्या बाजूलाच, ते काही उगाच नाही.

आणि वेलीसारखी क्षमाशील गोष्ट नाही. फांदी वाकली तर वेलच ती, वाकणारच. पान ताणून रुंद झालं तरी पानच दिसतं. टाका सुटून कापडावर लांबलचक शिडी उतरली तरी वेल सांभाळून घेते. शिडीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक नेलपॉलिश लावलं की ती तिथेच थांबते. मग तिच्यावरून हिरवा रंग फिरवायचा, दोन्हीकडे पानं काढायची. माझ्या राखाडी टाइट्सवरचा सगळ्यात लांब देठ असाच आलेला आहे. तो इतका सरळ कसा काढलास म्हणून मैत्रिणी विचारतात, तेव्हा मी ब्रशची तारीफ करते.